आपत्कालीन दूरध्वनीवरील प्रथमोपचार-मार्गदर्शनाचा इतिहास : एडवण व पालघर किनारपट्टीच्या संदर्भात

प्रस्तावना

पश्चिम रेल्वेच्या सफाळे स्थानकावर उतरून समुद्राच्या दिशेने निघाले की भातखाचरे आणि पुढे वाड्या-बागायती ओलांडत रस्ता एडवण गावी पोहोचतो. उत्तरेस मथाणे, केळवे व माहीम, तर दक्षिणेस कोरे, दातिवरे व त्यापलीकडे वैतरणेचे मुख अशी या गावाची स्थिती आहे. आशापुरी देवीचे स्थान म्हणून ते पंचक्रोशीबाहेरही परिचित आहे. ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. एडवण ज्या तालुक्यात आहे त्या पालघरलाच जिल्ह्याचे मुख्यालय झाले. अंतर मात्र होते तेवढेच राहिले.

अशा गावात एखादा माणूस अंगणात अचानक कोसळला, तर पहिल्या दहा मिनिटांत त्याच्यापर्यंत काय पोहोचू शकते? रुग्णवाहिका सहसा पोहोचू शकत नाही. डॉक्टर पोहोचणे योगायोगावर अवलंबून असते. निश्चितपणे पोहोचू शकतो तो एक आवाज, आणि तोही कोणाच्या तरी खिशातील दूरध्वनीवरून. हृदय बंद पडलेल्या माणसाची जगण्याची शक्यता, छाती दाबण्याची क्रिया सुरू न झाल्यास, दर मिनिटाला सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते, असे वैद्यकशास्त्रात मानले जाते. चार ते सहा मिनिटांनंतर मेंदूला कायमची इजा होऊ लागते. म्हणजे एडवणसारख्या गावापुरता विचार केला तर जगणे-मरणे वाहन येण्यापूर्वीच बरेचसे ठरून गेलेले असते.

आपत्कालीन कॉल घेणाऱ्या व्यक्तीने केवळ पत्ता लिहून न घेता, समोरच्याला जीव वाचवण्याची कृती सांगावी आणि ती त्याच्याकडून करवून घ्यावी, ही कल्पना कोठे व कशी निर्माण झाली, ती महाराष्ट्रात कोणत्या रूपात आली आणि येताना तिच्यातील काय मागे राहिले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. येथील व्यवस्थेने वाहन उभे केले आणि वाहनात डॉक्टरही बसवला; परंतु पहिला फोन उचलणाऱ्याचा आवाज हा उपचाराचाच भाग आहे, हे तिने पुरेसे मानले नाही, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

बुडालेल्यांपासून सुरुवात

सामान्य माणसाने सामान्य माणसाचा जीव वाचवावा यासाठीची संघटित चळवळ पाण्याकाठी सुरू झाली. कालव्यांचे शहर असलेल्या ॲमस्टरडॅममध्ये १७६७ साली बुडालेल्यांना वाचवण्यासाठी एक संस्था स्थापन झाली. १७७४ साली लंडनमध्ये तिच्याच धर्तीवर पुढे ‘रॉयल ह्युमेन सोसायटी’ या नावाने प्रसिद्ध झालेली संस्था निघाली. या संस्थांनी प्रथमच असे गृहीत धरले की मृतवत दिसणारा माणूस मेलेलाच असेल असे नाही आणि त्याला परत आणण्याची रीत कोणालाही शिकवता येते. त्या काळच्या रीती आज विचित्र वाटतात. बुडालेल्यास पिंपावर पालथे घालून पुढे-मागे लोळवणे ही त्यांतील एक.

कोकणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यास यात परके वाटण्यासारखे काही नाही. बुडालेल्यास पालथा घालून पोट दाबणे, पाय धरून उलटा करणे, ‘पोटातले पाणी काढणे’ ही समजूत आपल्याकडेही खोलवर रुजलेली आहे. पाणी पोटात गेले म्हणून माणूस मरतो, हा त्यामागील तर्क. प्रत्यक्षात माणूस मरतो तो प्राणवायू न मिळाल्याने. पोटातले पाणी काढण्यात गेलेला प्रत्येक क्षण वाया जातो, शिवाय वर आलेले पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. युरोपला ही समजूत सोडण्यास शतकाहून अधिक काळ लागला. एकोणिसाव्या शतकात सिल्वेस्टर यांची, विसाव्याच्या आरंभी शेफर यांची आणि १९३२ च्या सुमारास होल्गर नील्सन यांची अशा कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या निरनिराळ्या पद्धती येत-जात राहिल्या. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात पीटर साफार यांनी तोंडाने तोंडात श्वास देण्याची परिणामकारकता सिद्ध केली आणि १९६० साली कौवेनहोव्हेन, ज्यूड व निकरबॉकर यांनी अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या लेखात, बंद पडलेले हृदय छाती न उघडता, केवळ बाहेरून दाब देऊन रक्त फिरते ठेवू शकते, हे दाखवून दिले. यासाठी दोन हातांपलीकडे काही लागत नाही, हा त्या लेखाचा क्रांतिकारक भाग होता. जी क्रिया केवळ हातांनी होते ती शब्दांनी सांगताही येते, ही शक्यता त्यातच दडलेली होती. ती ओळखण्यास आणखी पंधरा-वीस वर्षे जावी लागली.

तारेच्या दुसऱ्या टोकाला

१० नोव्हेंबर १९३५ रोजी लंडनच्या विम्पोल रस्त्यावरील एका घराला आग लागून पाच स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. शेजाऱ्याने अग्निशमन दलाला फोन करण्याचा प्रयत्न केला. परंतु दूरध्वनी केंद्रातील रांगेत त्याचा कॉल अडकून पडला. त्याने याविषयी वृत्तपत्रात पत्र लिहिले, चौकशी झाली आणि ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ हा क्रमांक सुरू झाला. अमेरिकेत ९११ या क्रमांकावरील पहिला कॉल १६ फेब्रुवारी १९६८ रोजी अलाबामा राज्यातील हेलीविल या लहानशा गावात झाला. दोन्ही व्यवस्थांचा उद्देश एकच होता. रांग टाळून योग्य माणसापर्यंत लवकर पोहोचणे. फोन घेणाऱ्याने काय करावे? पत्ता घ्यावा, गाडी पाठवावी, फोन ठेवावा. या काळात तो एक प्रकारचा टपाल कारकूनच होता.

हे चित्र १९७०च्या दशकाच्या मध्यास ॲरिझोनातील फीनिक्स येथे बदलू लागले. श्वास थांबलेल्या बाळाच्या आईचा फोन अग्निशमन दलाकडे आला. तेथे उपस्थित असलेल्या एका पॅरामेडिकने, कोणत्याही लेखी सूचनेविना, फोनवरूनच तिला काय करावे ते सांगितले आणि बाळ वाचले. ही कृती उत्स्फूर्त होती. तिला पद्धतीचे रूप दिले ते सॉल्ट लेक सिटीतील डॉ. जेफ क्लॉसन यांनी. १९७८-७९ च्या सुमारास त्यांनी प्रत्येक तक्रारीसाठी एक अशी कार्डे तयार केली. कार्डावर कोणते प्रश्न विचारायचे, त्यांच्या उत्तरांवरून कोणती गाडी पाठवायची आणि गाडी पोहोचेपर्यंत काय सांगायचे, हे क्रमाने लिहिलेले होते. या कार्डांना विरोधही झाला. डॉक्टर नसलेल्याने, रुग्ण न पाहता, फोनवर उपचार सांगायचे? चुकले तर जबाबदार कोण? कायद्याच्या भीतीने अनेक शहरांनी सुरुवातीस हा मार्ग नाकारला. कालांतराने प्रश्नाची दिशा उलट झाली. सांगणे शक्य असताना न सांगणे, हाच निष्काळजीपणा मानला जाऊ लागला. या क्षेत्राच्या इतिहासातील खरे वळण हेच होय, असे प्रस्तुत लेखकास वाटते. यंत्रे आणि संगणक नंतर आले. आधी जबाबदारीची व्याख्या बदलली.

यास आकडेवारीचा आधार मिळाला तो वॉशिंग्टन राज्यातील किंग परगण्यात. डॉ. मिकी आयझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, फोनवरून छाती दाबणे व श्वास देणे शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाल्यावर, रुग्णवाहिका येण्यापूर्वी जवळच्या माणसाने ही क्रिया सुरू केल्याचे प्रमाण ४५ टक्क्यांवरून ५६ टक्क्यांवर गेले. याच गटाने ध्वनिमुद्रित कॉल पुन्हा पुन्हा ऐकले. विलंब कोठे होतो, हे त्यांना शोधायचे होते. उत्तर अनपेक्षित होते. बराचसा वेळ कृती शिकवण्यात जात नव्हता, तर ती शिकवण्याची गरज आहे हे ओळखण्यात आणि अनावश्यक प्रश्न विचारण्यात जात होता. वय किती, आधी आजार होता का, औषधे कोणती चालू आहेत, असे प्रश्न रुग्णालयात रास्त ठरले असते. येथे ते प्राणघातक होते.

ओळखण्यातील मुख्य अडचण श्वासाची होती. हृदय बंद पडल्यावर काही मिनिटे शरीर अधूनमधून मोठा, ओढलेला, आवाज करणारा श्वास घेत राहते. तो खरा श्वास नव्हे. परंतु फोन करणारा घाबरून ‘श्वास चालू आहे’ असेच सांगतो. किंग परगण्यातील १९९२ च्या अभ्यासात अशा कॉलपैकी सुमारे ४० टक्के कॉलमध्ये हे आढळले. म्हणून प्रश्न बदलण्यात आला. ‘श्वास घेतो का’ असे न विचारता ‘नेहमीसारखा श्वास घेतो का’ असे विचारावे, असे ठरले. पुढे ही पद्धत दोन प्रश्नांवर आली. शुद्धीवर आहे का? नेहमीसारखा श्वास आहे का? दोन्हींची उत्तरे ‘नाही’ आली की तिसरा प्रश्न न विचारता छाती दाबण्यास सांगायचे. २००० साली सिॲटलमधील हॉलस्ट्रॉम यांच्या अभ्यासाने आणखी एक गाठ सोडवली. फोनवरून केवळ छाती दाबण्यास सांगितलेल्या गटात १४.६ टक्के, तर श्वास देण्यासही सांगितलेल्या गटात १०.४ टक्के रुग्ण वाचले. संख्याशास्त्रीय दृष्ट्या हा फरक निर्णायक नव्हता. परंतु केवळ छाती दाबल्याने नुकसान होत नाही, एवढे त्यातून दिसले आणि फोनवरील सूचना कितीतरी सोपी झाली.

महाराष्ट्रातील वाटचाल

मुंबईत दूरध्वनी केंद्र १८८२ साली सुरू झाले. परंतु शहराबाहेर, विशेषतः किनाऱ्यावरील गावांत, दूरध्वनी ही अनेक दशके मोजक्या घरांची वा टपाल कार्यालयाची वस्तू होती. ट्रंक कॉल नोंदवून वाट पाहण्याच्या त्या काळात निकड हीसुद्धा विकत घ्यावी लागे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग अशा कॉलच्या पायऱ्या होत्या आणि पायरीगणिक दर वाढत असे. ज्यांनी तो काळ पाहिला आहे त्यांना आठवेल की गावाच्या फोनवर येणाऱ्या बातम्या बहुधा घडून गेलेल्या गोष्टींच्या असत. घडत असलेली गोष्ट थांबवण्यासाठी फोन करावा, अशी कल्पनाच नव्हती. १००, १०१, १०२ हे क्रमांक शालेय पुस्तकांत होते. गावात त्यांचा उपयोग कितपत होता, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. भ्रमणध्वनी खेड्यांत पोहोचला आणि रुग्णवाहिकेची संघटित सेवा सुरू झाली. मुंबईत २००५ च्या सुमारास १२९८ ही सेवा आली. त्याच वर्षी १५ ऑगस्ट रोजी हैदराबाद येथून तत्कालीन आंध्र प्रदेशात १०८ सेवेचा आरंभ झाला. गुजरातेत ती २००७ मध्ये पोहोचली. जपमाळेच्या मण्यांची संख्या म्हणून हा आकडा लोकांच्या तोंडी सहज बसला, असे म्हणतात. त्यात तथ्य असावे. महाराष्ट्रात ही सेवा २६ जानेवारी २०१४ रोजी सुरू झाली. प्रारंभीच्या योजनेत ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक उपकरणे असलेल्या आणि ७०४ प्राथमिक स्वरूपाच्या. राज्यभरातील कॉल घेणारे मध्यवर्ती केंद्र पुण्यात औंध येथे उभारण्यात आले. प्रत्येक रुग्णवाहिकेत डॉक्टर असणे हे या योजनेचे वैशिष्ट्य होते आणि त्याबद्दल तिचे श्रेय नाकारता येणार नाही. असंख्य प्रसूती, अपघात आणि हृदयविकाराचे रुग्ण या गाड्यांनी वेळेत रुग्णालयात पोहोचवले आहेत.

तथापि या प्रारूपाची रचना लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. १०८ सेवेच्या भारतीय प्रारूपात फोन उचलणारा कर्मचारी वेगळा, गाडी पाठवणारा वेगळा आणि वैद्यकीय सल्ला देणारा केंद्रातील डॉक्टर वेगळा. सल्ला हवा असेल तर कॉल डॉक्टरकडे जोडला जातो. अमेरिकेत १९८०च्या दशकात ज्या अधिकारासाठी झगडा झाला, तो अधिकार येथे झगड्याविनाच डॉक्टरच्या स्वाधीन राहिला. यामागील विचार समजण्याजोगा आहे. वैद्यकीय शब्द डॉक्टरच्याच तोंडी शोभतो, हा आपल्या समाजाचा जुना संकेत. त्यात देशात तरुण डॉक्टर उपलब्ध. परंतु छाती दाबण्याच्या बाबतीत हा संकेत महागात पडतो. कॉल एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे जातो तेव्हा नाव, पत्ता, ‘काय झाले’ हे पुन्हा सुरू होते. त्यात अर्धा मिनिट गेला तरी तो त्या मिनिटांतला असतो ज्यांची किंमत वर सांगितली आहे. २०२१ पासून महाराष्ट्रात ११२ हा एकच क्रमांक पोलीस यंत्रणेमार्फत कार्यान्वित झाला आहे. तेथे आलेला वैद्यकीय कॉल पुन्हा १०८ कडे वळवावा लागतो. म्हणजे साखळीत आणखी एक कडी वाढली.

छाती दाबण्यास सांगणे हा वैद्यकीय सल्ला नव्हे. ‘आग लागली आहे, बाहेर पडा’ असे सांगण्याइतकीच ती साधी सूचना आहे. भारतीय भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या पुनरुज्जीवन परिषदेने सामान्य माणसासाठी २०१७ मध्ये जी मार्गदर्शिका दिली, तीही केवळ छाती दाबण्याचीच आहे. त्याआधीच, ३० मार्च २०१६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने अपघातग्रस्तास मदत करणाऱ्यास संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात त्यास स्थान मिळाले. हे संरक्षण रस्ते अपघातांपुरते आहे, ही त्याची मर्यादा. पण मदत करणाऱ्यावर बालंट येऊ नये, हे तत्त्व तरी मान्य झाले. फोनवर सांगणाऱ्याचा विचार मात्र अद्याप त्यात नाही. २०२४ मध्ये १०८ सेवेच्या नव्या कंत्राटावरून राज्यात बरीच चर्चा झाली. ती प्रामुख्याने वाहनांच्या संख्येभोवती व रकमेभोवती फिरली. फोन उचलणाऱ्याने पहिल्या मिनिटात काय बोलावे, हा विषय त्या चर्चेत क्वचितच आला.

घरघर, झटका आणि माहीम

या प्रश्नाचा सर्वांत दुर्लक्षित भाग भाषेचा आहे. सॉल्ट लेक सिटीतील कार्डाचे मराठी भाषांतर करून पुण्यातील केंद्रात ठेवले तर काम भागेल का? भागणार नाही, आणि त्याची कारणे आपल्याच भाषेत आहेत.

वर ज्या फसव्या श्वासाचा उल्लेख केला, त्याचे आकलन होण्यासाठी पाश्चात्त्य संशोधकांना शेकडो ध्वनिमुद्रणे ऐकावी लागली. मराठीत त्याला फार जुने शब्द आहेत. ‘घरघर लागली’ आणि ‘आचके देतो आहे’. एखाद्या संस्थेला वा प्रथेला घरघर लागली असे आपण लिहितो तेव्हा ती शेवटच्या अवस्थेत आहे, हेच सुचवायचे असते. म्हणजे मरणाऱ्याचा तो श्वास श्वास नव्हे, हे ज्ञान भाषेने जपून ठेवले आहे. फोनवर एखादी बाई ‘घरघर लागलीय हो’ असे म्हणाली तर प्रशिक्षित कर्मचाऱ्यासाठी ते निदानच ठरावे. ‘म्हणजे श्वास चालू आहे ना?’ असा प्रतिप्रश्न त्यानंतर विचारला जाऊ नये. मात्र याच भाषेत दुसरा धोकाही आहे. घरघर लागणे म्हणजे आता काही उरले नाही, तोंडात पाणी घालण्याची वेळ झाली, असाच अर्थ घरातील वडीलधारी माणसे घेतात. जो शब्द कर्मचाऱ्याने ‘आता लगेच दाबा’ असा ऐकायचा, तोच शब्द घरात ‘आता थांबा’ असा ऐकला जातो. हे भाषांतराने सुटणारे कोडे नव्हे. कर्मचाऱ्याला तेथे ठामपणे सांगावे लागेल : पाणी पाजू नका, जमिनीवर उताणे झोपवा, छातीच्या मध्यभागी दोन्ही हात ठेवा.

‘झटका आला’ हा शब्द तर आणखी फसवा. हृदयविकाराचा झटका, अपस्माराचा झटका आणि विजेचा झटका या तिन्ही गोष्टी ग्रामीण फोनवर एकाच शब्दाने येतात. पहिल्यात माणूस शुद्धीवर असेल तर त्याला बसवून ठेवायचे. शुद्ध हरपून नेहमीचा श्वास थांबला तर छाती दाबायची. दुसऱ्यात हातपाय न धरता कुशीवर वळवायचे, आणि कांदा वा चप्पल हुंगवण्याच्या प्रथेपासून घरच्यांना परावृत्त करायचे. तिसऱ्यात आधी मुख्य बटण बंद होईपर्यंत कोणी शिवायचे नाही. ‘दातखीळ बसली’, ‘डोळे फिरवले’, ‘गार पडला’ या प्रत्येक वाक्प्रयोगामागे वेगळी वैद्यकीय स्थिती असू शकते. अशा शब्दांचा कोश तयार करणे हे वैद्यकीय महाविद्यालयाइतकेच मराठी विभागाचेही काम आहे. किनाऱ्यावरील वाडवळी व मांगेली, डोंगरपट्ट्यातील वारली व कातकरी बोली, आणि बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील उत्तर भारतीय कामगारांची हिंदी व भोजपुरी एवढे सगळे या एका जिल्ह्यातून पुण्याच्या एकाच केंद्रात पोहोचते.

मोजण्याचेही तसेच आहे. छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब द्यावे लागतात आणि कर्मचाऱ्याने फोनवर ताल धरायचा असतो. ‘एक, दोन, तीन, चार’ हे शब्द आखूड आहेत. त्यांवर ताल टिकतो. ‘एकोणीस’, ‘एकोणतीस’ यांवर तो मोडतो. म्हणून मराठीत तीसपर्यंत मोजण्यापेक्षा चारपर्यंतच पुन्हा पुन्हा मोजणे योग्य. ‘पाच सेंटिमीटर खोल’ यापेक्षा ‘दोन इंच, जोरात, भरभर, प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या’ हे अधिक कळते. ‘हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवन’ हा पारिभाषिक शब्द पाठ्यपुस्तकात ठीक आहे. फोनवर तो उच्चारलाच जाऊ नये.

पत्त्याचा प्रश्न यातच मोडतो. केळव्याजवळचे माहीम आणि मुंबईतील माहीम यांत गोंधळ होऊ नये म्हणून ‘केळवे-माहीम’ असा जोडउल्लेख रूढ झाला. पण घाबरलेला माणूस जोडनाव घेत नाही, तो ‘माहीम’ एवढेच म्हणतो. वाडा हे तालुक्याचे गाव आहे आणि वाडा म्हणजे मोठे घरही. ‘पाडा’ तर प्रत्येक वळणावर. किंग परगण्यातील कर्मचाऱ्यास आपल्या परगण्याचा नकाशा पाठ असतो. संपूर्ण राज्य एका छताखाली घेतल्यावर ती ओळख यंत्राकडे सोपवावी लागते, आणि यंत्राला नाव कळते, उच्चार कळत नाही.

किनारा, कारखाना आणि रान

पाश्चात्त्य कार्डसंच मुख्यतः शहरी हृदयविकार डोळ्यांसमोर ठेवून वाढला. पालघर किनारपट्टीचे संकट त्याच्याशी पूर्णपणे जुळत नाही.

१३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूच्या समुद्रात विद्यार्थ्यांना घेऊन गेलेली बोट उलटली आणि तीन मुलींचा मृत्यू झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये केळव्याच्या समुद्रात चौघे बुडाले; त्यांत सहलीस आलेले विद्यार्थीही होते. एडवणपासून केळवे दूर नाही. बुडालेल्याच्या बाबतीत केवळ छाती दाबणे अपुरे पडते, कारण तेथे मूळ अभाव प्राणवायूचा असतो. ज्याला येते त्याने आधी श्वास द्यावा, असे आजचे शास्त्र सांगते. तेव्हा किनाऱ्यावरून आलेला फोन ओळखून दुसरे कार्ड काढणे आणि ‘पोटातले पाणी काढू नका’ हे पहिल्याच वाक्यात सांगणे आवश्यक ठरते. ॲमस्टरडॅममध्ये १७६७ साली जो प्रश्न होता तोच केळव्याच्या वाळूत आजही उभा आहे, फक्त आता मधे एक दूरध्वनी आहे.

तारापूर अणुऊर्जा केंद्र १९६९ साली कार्यान्वित झाले. पुढे बोईसर परिसरात रसायने व औषधे यांचे कारखाने दाटीने उभे राहिले. ११ जानेवारी २०२० रोजी एका रासायनिक कारखान्यात झालेल्या स्फोटात आणि ऑगस्ट २०२५ मध्ये एका औषधनिर्मिती कारखान्यातील वायुगळतीत कामगारांचे बळी गेले. वायुगळतीच्या कॉलमध्ये फोन घेणाऱ्याचे पहिले वाक्य मदतीचे नसून मनाईचे असावे लागते : आत जाऊ नका. एकाला काढण्यासाठी दुसरा आणि दुसऱ्यासाठी तिसरा उतरतो, हा अशा दुर्घटनांचा सर्वत्र आढळणारा नमुना आहे. अंगावर आम्ल उडाले असेल तर कपडे काढून भरपूर पाण्याने धुवत राहण्यास सांगणे, हे त्याच कार्डाचे दुसरे वाक्य.

आणि मग रान. सर्पदंशाने भारतात दरवर्षी सरासरी ५८ हजार मृत्यू होतात, असा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. हे विदेशी कार्डसंचात जवळजवळ नगण्य असलेले संकट आपल्याकडे भातखाचरात रोजचे आहे. घट्ट दोरी बांधणे, चिरा देणे, रक्त शोषणे या तिन्ही गोष्टी घातक आहेत. चावलेला अवयव न हलवता, रुग्णाला न चालवता, प्रतिविष उपलब्ध असलेल्या दवाखान्यात नेणे एवढेच सांगायचे असते. भगताकडे नेण्यात जाणारा वेळ फोनवरील एका विश्वासू आवाजाने वाचू शकतो. परंतु तो आवाज भगताची चेष्टा करणारा असेल तर फोन ठेवला जाईल. रायगड जिल्ह्यातील महाड येथे काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडते, हे १९८०च्या दशकात ग्रामीण दवाखान्यातून सिद्ध केले आणि ते जगभर स्वीकारले गेले. कोकणातील रोगाचे उत्तर कोकणात सापडू शकते, याचा हा पुरावा. सर्पदंश, बुडणे, वायुगळती यांसाठीची मराठी सूचनापत्रे पालघर-रायगडच्या डॉक्टरांनी आणि आशा कार्यकर्त्यांनी लिहिली, तर त्यांत पुण्यात बसून सुचणार नाहीत अशा गोष्टी येतील.

प्रशिक्षणाचे स्वरूप

प्रशिक्षण म्हणजे दोन दिवसांचे व्याख्यान नव्हे. ज्या ठिकाणी ही पद्धत यशस्वी झाली तेथे तीन गोष्टी सातत्याने आढळतात. कर्मचाऱ्याने स्वतः बाहुलीवर छाती दाबून थकवा अनुभवलेला असतो, कारण दोन मिनिटांत हात भरून येतात हे माहीत असलेलाच ‘थांबू नका, आता दुसऱ्याला बसवा’ हे वेळेवर सांगतो. दुसरे, नकली फोनवर रडणाऱ्या, ओरडणाऱ्या, फोन फेकून देणाऱ्या माणसाशी बोलण्याचा सराव त्याने केलेला असतो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची व सर्वांत टाळली जाणारी. हृदय बंद पडल्याच्या प्रत्येक कॉलचे ध्वनिमुद्रण नंतर ऐकले जाते आणि घड्याळ लावले जाते. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या शिफारशीनुसार कॉल उचलल्यापासून दीड मिनिटाच्या आत स्थिती ओळखली जावी आणि अडीच मिनिटांच्या आत पहिला दाब पडावा, असे किमान अपेक्षित आहे. हे ऐकणे शिक्षेसाठी नसते. ज्या कर्मचाऱ्याच्या कानात एखाद्याचा शेवटचा श्वास गेला, त्याला त्या कॉलचे पुढे काय झाले हे कोणी सांगितले पाहिजे, एवढी माणुसकी त्यात असते.

महाराष्ट्रात यासाठी लागणारी सामग्री नाही, असे म्हणता येत नाही. केंद्र आहे, डॉक्टर आहेत, कॉल येतात. वैतरणेच्या खाडीवर जलसार ते मारंबळपाडा ही रो-रो सेवा २०२५ मध्ये सुरू झाल्याने सफाळे-एडवण पट्ट्यातून विरारकडे जाणारे वाहनही काहीसे जवळ आले आहे. परंतु खाडी ओलांडणारे वाहन आणि पहिल्या अडीच मिनिटांत पडणारा दाब ही दोन वेगळ्या काळातली मापे आहेत. एडवणच्या अंगणातून निघालेला कॉल पुण्यात उचलला गेल्यानंतर पहिला दाब पडेपर्यंत किती सेकंद जातात, हे मोजण्यासाठी नवी गाडी लागत नाही. कोणीतरी कान देऊन ते कॉल ऐकावे लागतील, आणि ऐकणाऱ्यास घरघर म्हणजे काय, हे ठाऊक असावे लागेल.